काठी निवडताना

ट्रेकिंग पोल म्हणजे लांबी कमीजास्त करता येणारी काठी. चढावर ती थोडा भार हातांवर घेते, उतारावर गुडघ्यांना बसणारा दणका हलका करते. सह्याद्रीत तिचा कस उतरतानाच लागतो. हिवाळा-उन्हाळ्यात मुरमाड सोंडेवर घसारा असतो, पावसाळ्यात चिखल आणि शेवाळलेला कातळ. वर्षातून चार-सहा किल्ले करणाऱ्याने काठी या वाटांना जोखून घ्यावी.

आधी नळीचा प्रश्न. कार्बन फायबरची काठी हलकी असते, पण महाग. शिवाय नाळेतल्या धोंड्यांच्या फटीत टोक अडकून आडवा दाब आला, तर ती एकदम तडकते. ॲल्युमिनियम बहुधा नुसते वाकते आणि वाकलेल्या काठीच्या आधाराने घर गाठता येते. ॲल्युमिनियममध्ये ७०७५ हा मिश्रधातू ६०६१ पेक्षा मजबूत, पण अधूनमधून डोंगरात जाणाऱ्याला दोन्ही चालतात.

स्वस्त काठी दगा देते ती लॉकमध्ये. लॉक दोन प्रकारचे. पिळून घट्ट होणाऱ्या लॉकमध्ये नळीच्या आत प्लास्टिकचा तुकडा फुगून बसतो. आत माती किंवा पाणी गेले की त्याची पकड सुटते आणि ओल्या हातांनी तो धड पिळताही येत नाही. बाहेरून दाबायच्या खटक्याचा लॉक बसला की नाही, ते डोळ्यांना दिसते. सैल झाला तर बाजूचा स्क्रू आवळून भागते. म्हणून थोडे जास्त पैसे मोजून खटकाच घ्यावा. दुकानातच काठी लांब करून लॉक लावावा, टोक जमिनीवर टेकवावे आणि अंगाचा भार हळूहळू टाकावा. बोटभर जरी खाली सरकली, तरी ती काठी परत ठेवावी.

मुठीसाठी कॉर्क उत्तम, कारण तो घामाने निसरडा होत नाही. फोमची मूठ त्याहून स्वस्त आणि पुरेशी चांगली असते. कडक प्लास्टिकच्या मुठीने उन्हात तळहाताला फोड येतात. पट्ट्यात हात खालून वर घालून मग मूठ धरावी. तसे केले की भार मनगटावर येतो आणि बोटे आवळून धरावी लागत नाहीत.

टोक टंगस्टन कार्बाइडचे असावे. ते मातीत आणि खरबरीत दगडावर रुतते. डांबरी रस्त्यावर आणि किल्ल्याच्या पायऱ्यांवर मात्र रबरी टोपी चढवावी, म्हणजे जुन्या दगडांवर ओरखडे उठत नाहीत. चिखलात टोपी काढावी, कारण तिथे रबर घसरते. टोकाजवळची छोटी चकती चिखलात उपयोगी पडते. बर्फासाठीची मोठी चकती घरीच ठेवावी, ती झुडपांत अडकते.

सपाटीवर काठी टेकवल्यावर कोपर काटकोनात यावे, ही लांबीची खूण. तेवढी लांबी काठीवरच्या आकड्यांत मिळते ना, हे घेतानाच पाहावे. चढावर पाच-दहा सेंटिमीटर कमी करावी, उतारावर तेवढीच वाढवावी. तीन भागांची काठी मिटून साधारण ६५ सेंटिमीटरची होते. एसटीत किंवा लोकलमध्ये ती अडचण करत नाही.

गुडघे कुरकुरत असतील किंवा पाठीवर मुक्कामाचे ओझे असेल, तर जोडी घ्यावी. एका दिवसाच्या ट्रेकला एकही पुरते आणि दुसरा हात झाडाझुडपांचा आधार घ्यायला मोकळा राहतो. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा कातळटप्प्यावर मात्र दोन्ही हात रिकामे हवेत. तिथे काठी मिटून बॅगेला बांधावी.

ट्रेकहून आल्यावर काठीचे भाग सुटे करून पुसावेत आणि वाळवूनच जोडावेत. ओल राहिली तर ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि भाग एकमेकांत अडकून बसतात. तेल लावू नये, लॉक घसरू लागतो.

मुठीत होकायंत्र आणि आत स्प्रिंग असलेल्या काठ्या दुकानात डोळ्यांत भरतात. साध्या ट्रेकला या दोन्हींवाचून काही अडत नाही. ते पैसे वाचवावेत आणि लॉकवर घालावेत.