दोन पाठ

माझ्या संगणकावर एकाच कंपायलरचे दोन पाठ नांदतात. पोटापाण्याचें काम स्थिर पाठावर. रविवारीं मात्र घडत असलेला पाठ घेऊन मी त्यांतले दोष हुडकतों व कर्त्यांस कळवितों. यांत पैका नाहीं. गतवर्षीं उतावळेपणानें तो कच्चा पाठच एका दुकानदाराच्या हिशेबास लावला, आणि ऐन दिवाळींत त्याचा जमाखर्च चुकला. त्याची क्षमा मागतांना मान वर होईना.

तरी नव्यास दार लावणेंहि बरें नव्हे. जी.सी.सी. हा १९८७ सालचा कंपायलर स्थिरतेच्या काळजीनें इतका जपला गेला, कीं १९९७ सालीं कांहीं कर्त्यांनीं ई.जी.सी.एस. नांवाची वेगळी चूल मांडली. १९९९ सालीं तीच मूळ घराची चूल झाली.

हा तोल आमच्या छत्रपती संभाजीनगराजवळच्या पैठणास जुनाच ठाऊक आहे. एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, व त्यांत कोणीं आपली ओवी घालूं नये असें बजावलें; स्वतःचें नवें मात्र भारुडांतून मनमुराद सांगितलें.

कच्च्या पाठानें मीहि आतां दुकानदाराच्या वहीला हात लावीत नाहीं; पण रविवार सोडलेला नाहीं. आजचा स्थिर पाठ तरी कोणाच्या तरी कालच्या रविवारांचाच ना?