म्यूरेन: कड्यावरील गांव

माझी पुतणी झुरिकला नोकरीस आहे. हिवाळा लागला कीं, शनिवार-रविवारीं ती पायांना स्की नांवाच्या लांब फळ्या बांधून बर्फाचे डोंगर उतरते, हें घरीं सर्वांना ठाऊक आहे. आणि त्यापायीं आमच्या वहिनींनीं किती देवांना नवस बोलले आहेत, हेंही सर्वांना ठाऊक आहे. गेल्या माघांत तिच्याकडे जाण्याचा योग आला, तेव्हां वहिनींनीं मला बजावलें, "भावजी, तिचा हा खेळ एकदां तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून या. जिवाला अपाय नसेल तर मी पुन्हां बोलणार नाहीं." ही कामगिरी अंगावर घेऊन मी म्यूरेनला गेलों.

म्यूरेन हें बर्न प्रांतांतील लाउटरब्रुनेन दरीच्या कड्यावर, सुमारें १,६४० मीटर उंचीवर वसलेलें चार-पांचशे वस्तीचें गांव. दरीच्या दोन्ही बाजू तासलेल्या भिंतींसारख्या उभ्या आहेत. इंटरलाकेनहून आगगाडीनें दरींत यावें, तेथून रोपवेनें कडा चढावा, आणि वर एका चिमुकल्या गाडींत बसून कड्याच्या कांठाकांठानें गांव गांठावें, असा जुना मार्ग आहे. १८९१ सालीं तो सुरू झाला, तेव्हां रोपवेच्या जागीं दोरखंडानें रुळांवरून ओढली जाणारी गाडी होती. ती २००६ मध्यें गेली. गांवांत मोटारींना मज्जाव आहे. त्यामुळें स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच प्रथम जाणवते ती शांतता. समोर, दरीपलीकडे, आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ हीं तीन शिखरें ओळीनें उभीं आहेत. म्योंख म्हणजे संन्यासी व युंगफ्राउ म्हणजे कुमारिका.

माझें लक्ष शिखरांकडे, तर पुतणीचें लक्ष गैरसोयींकडे. "काका, तीन-तीन गाड्या बदलायच्या, आणि वर उतरायच्या वाटा किती, तर जेमतेम पन्नासेक किलोमीटर! फ्रान्समध्यें त्रुआ व्हालेला एकाच तिकिटांत सहाशे किलोमीटर मिळतात," असें ती वाटेंत दोनदां म्हणाली. तिचें म्हणणें खोटें नव्हतें. पुढील तीन दिवस मला उद्योग असा नव्हता. वसतिगृहाच्या ओसरीवर ऊन खात बसावें आणि येणाऱ्या-जाणाऱ्या स्की खेळणाऱ्यांना या गांवाविषयीं विचारावें, एवढाच माझा कार्यक्रम होता. त्यांच्या तक्रारी पुष्कळ निघाल्या. नवशिक्यांना सपाट जागा थोडी, शिल्टहॉर्न शिखरावरून उतरणारी वाट फार उभी, आणि सकाळीं ती कांचेसारखी कडक, खर्च भारी, रात्रीं आठानंतर करमणुकीच्या नांवानें शून्य. त्यांतच त्या २,९७० मीटर उंचीच्या शिखरावर एक फिरतें उपाहारगृह आहे. १९६९ च्या एका जेम्स बाँड चित्रपटामुळें तें जगभर प्रसिद्ध झालें, आणि तें पाहण्यास येणाऱ्यांनीं वरचे पाळणे भरून जातात, हेंही खेळाडूंना खपत नाहीं.

मग हीं माणसें येथें येतात तरी कशाला? एका वृद्ध इंग्रज गृहस्थांना मीं हें सरळ विचारलें. ते म्हणाले, "माझ्या आजीनें पहिल्यानें स्की बांधल्या त्या याच गांवांत. दुसरीकडे मी नुसता गिऱ्हाईक असतों. येथें आल्याबरोबर घरमालकीण विचारते, गुडघा आतां कसा आहे?" शेजारीं बसलेल्या जर्मन बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचें मत असें कीं, वाटा थोड्या असल्यामुळेंच येथें माणूस तीच वाट पुन्हां पुन्हां उतरतो आणि चार दिवसांत खरोखर कांहीं शिकतो. दोघांनाही नव्या गोष्टींचा धाक वाटत होता. २०२४ च्या डिसेंबरांत दरीच्या तळापासून गांवापर्यंत नवा रोपवे झाला. जगांतील सर्वांत उभा रोपवे म्हणून त्याचा लौकिक आहे, आणि चार मिनिटांत तो माणसाला वर आणून सोडतो. "गांवाची जुनी रीत आतां बिघडणार," असें गृहस्थ खिन्नपणें म्हणाले.

परंतु या गांवाची जुनी रीत म्हणजे काय, याचा शोध घेऊं लागलों तेव्हां मला मौज वाटली. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं येथें हिवाळ्यांत पाहुणा म्हणून कोणी येत नसे. १९१० च्या हिवाळ्यापासून हेन्री लन या इंग्रज प्रवासव्यावसायिकाच्या खटपटीनें गाडी चालूं लागली. हे गृहस्थ पूर्वीं मिशनरी म्हणून हिंदुस्थानांत होते, आणि त्यांचा मुलगा आर्नल्ड लन १८८८ मध्यें मद्रासेस जन्मला. १९०९ मध्यें वेल्समध्यें कडा चढतांना आर्नल्ड पडला, व त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला. त्याच पायानें तो जन्मभर स्की खेळला. त्या काळीं या खेळांत नॉर्वेची परंपरा प्रमाण मानीत: सपाटीवर लांब पल्ला काटावा आणि उंचावरून उडी घ्यावी. डोंगर नुसता वेगानें उतरणें हा जाणत्यांना पोरखेळ वाटे. लननें तें जुमानलें नाहीं. १९२२ सालीं म्यूरेनच्या उतारावर काठ्या रोवून त्यांमधून वळणें घेत उतरण्याची आधुनिक स्लालम शर्यत त्यानें प्रथम भरविली. १९२४ मध्यें येथेंच कंदाहार स्की क्लब निघाला. हें नांव ऐकून आपण दचकतों. तें १८८० मध्यें काबूलहून कंदाहारवर चालून गेलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सवरून आलें. लननें १९११ मध्यें भरविलेल्या पहिल्या शर्यतीच्या चषकाला त्याचें नांव होतें. त्या कंदाहारजवळ मैवंदला त्याच वर्षीं मुंबई लष्कराच्या पलटणी कापल्या गेल्या होत्या. आल्प्समधील या आनंदी खेळाच्या नांवांत आपल्याकडील शिपायांच्या रक्ताची आठवण अशी नकळत मिसळली आहे. अखेर १९३० मध्यें आंतरराष्ट्रीय मंडळानें हा प्रकार मान्य केला, आणि १९३१ मध्यें पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्यूरेनलाच झाली.

तात्पर्य, ज्याला आज परंपरा म्हणून जपतात, तें कालचें बंडच होतें. आमच्या भगिनीवर्गानें लक्षांत ठेवावें असें आणखी एक आहे. या बंडांत स्त्रिया पहिल्यापासून होत्या. १९२३ मध्यें त्यांचा स्वतंत्र क्लब येथें निघाला. १९२८ मध्यें शिल्टहॉर्नपासून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत उतरण्याची 'इन्फेर्नो' नांवाची शर्यत सुरू झाली. त्या पहिल्याच वर्षीं डोरीन एलियट ही बाई पुरुषांच्या बरोबरीनें उतरून चौथी आली. १९३१ च्या स्पर्धेंत स्त्रियांच्या दोन्ही शर्यती एस्मे मॅकिनन हिनें जिंकल्या. हें सांगितलें तेव्हां पुतणीची कुरकुर प्रथमच थांबली.

खरी चिंता मात्र रोपवेची नाहीं. स्की शिकविणाऱ्या एका स्थानिक शिक्षकानें मला दरीकडे बोट दाखविलें. खालच्या उतारांवर हिरवें-पिवळें गवत दिसत होतें. स्वित्झर्लंडचें सरासरी उष्णमान यंत्रयुगापूर्वीच्या मानानें दोन अंशांहून अधिक वाढलें आहे. इन्फेर्नो अजून दरवर्षीं भरते, सुमारें १,८५० खेळाडूंना प्रवेश मिळतो. परंतु खालीं बर्फ पुरेसा नसला म्हणजे ती दरीपर्यंत न नेतां वर विंटरएग येथेंच संपवावी लागते. "नव्या गाडीशीं आम्ही जुळवून घेऊं. पाऊस पडूं लागला तर कोणाशीं भांडावें?" असें तो म्हणाला. त्याच्या आवाजांत राग नव्हता, हेंच मला अधिक लागलें.

शेवटच्या दिवशीं पुतणी शिल्टहॉर्नवरून उतरली. मी मधल्या स्थानकावर उभा होतों. उभ्या चढाखालीं ती पडली, आणि बरीच लांब घसरत गेली. माझ्या काळजाचा ठोका चुकला. इतक्यांत वरून त्याच जर्मन बाई आल्या, थांबल्या, सुटलेली स्की त्यांनीं शोधून आणून दिली, आणि तिच्या पुढें सावकाश वळणें घेत त्यांनीं तिला खालपर्यंत आणलें. संध्याकाळीं घरमालकिणीनें न विचारतां गरम सूप पुढें ठेवलें व विचारलें, "कुठला गुडघा?" त्या रात्रीं सहाशे किलोमीटरांचा विषय निघाला नाहीं.

वहिनींना मीं सर्व खरें सांगितलें, पडल्याचेंही सांगितलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "त्या जर्मन बाई पुढच्या वर्षीं येणार आहेत का?" पुतणीनें त्याच वसतिगृहांत माघांतल्या आठ दिवसांसाठीं दोन खोल्या आतांच सांगून ठेवल्या आहेत. एक वहिनींसाठीं आहे. बर्फ तेवढा राहिला पाहिजे.