इर्ल्याचं पाणी

२०१२च्या मार्चमध्ये विलेपार्ले पश्चिमेला, इर्ल्याच्या वेलंकणी माता चर्चपाशी गर्दी वाढू लागली. क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकत होतं. लोक गुडघे टेकत, प्रार्थना करत आणि ते पाणी पवित्र मानून बाटल्यांतून घरी नेत. काही जण तिथेच पीतही होते.

बुद्धिवादी चळवळीतले सनल एडामारुकू तिथे गेले ते पाण्याचा माग काढायला. भिंत पाहिली, ओल पाहिली, आणि शोध जवळच्या स्वच्छतागृहाच्या तुंबलेल्या गटारापाशी येऊन थांबला. सांडपाणी भिंतीत मुरत होतं आणि केशाकर्षणानं वर चढत मूर्तीपर्यंत पोहोचत होतं. उपनगरांतल्या जुन्या इमारतींच्या तळमजल्याला ओल चढते, तीही याच नियमानं.

वाहिन्यांवर वाद पेटला, तिथे त्यांनी चर्चवरही कडक टीका केली. मग तक्रारी झाल्या, भारतीय दंड संहितेतलं धार्मिक भावना दुखावल्याचं २९५-अ कलम पुढे आलं, आणि त्याच वर्षी एडामारुकू फिनलंडला निघून गेले. पाण्याचा उगम शोधायला निघालेल्या माणसाला देश सोडावा लागावा, ही गोष्ट आजही टोचते.

पण तेवढंच म्हणून थांबलं तर गुडघे टेकणाऱ्यांवर अन्याय होईल. घरात दुखणं घेऊन आलेल्या आईला पाणी कुठून येतं हा प्रश्न पडत नाही; कोणीतरी आपलं ऐकतंय, एवढं तिला हवं असतं. केशाकर्षणाकडे तिच्यासाठी उत्तर नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. मात्र तिची गरज खरी आहे म्हणून सांडपाण्याचं तीर्थ होत नाही. ते प्यायल्यानं आजार होऊ शकतो, हे तिला वेळीच सांगणं हीसुद्धा करुणाच.

शंका घ्यायची ती धर्माबाहेरच्यांनीच, असंही नाही. संतपद देण्याआधी आक्षेप घेण्यासाठी कॅथलिक चर्चमध्ये शतकानुशतकं खास अधिकारी असे. लोक त्याला सैतानाचा वकील म्हणत. १९८३च्या सुधारणांत त्या पदाचं महत्त्व उरलं नाही, तरी रोगी बरा झाल्याचा दावा आजही डॉक्टरांकडून तपासून घेतला जातो.

घाटकोपरच्या जैन देरासरांत पूजेला जाणाऱ्यांची परंपरा तर याहून जुनी. जैन आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त सांगून ठेवलं आहे की तर्काच्या विषयात तर्क चालवावा आणि आगमाच्या, म्हणजे शास्त्रवचनाच्या, विषयात आगम. सीमारेषा कुठे ओढायची यावर खुशाल वाद व्हावा. भिंतीतली ओल कुठल्या बाजूला पडते, यावर व्हायचं कारण नाही.

आणि बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरी पाहावी. शंभरावर बौद्ध लेणी, आणि त्यांच्यालगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलं आहे. पावसाचं पाणी उतारावरच्या बारीक पन्हाळींतून टाक्यांत उतरतं. चैत्यगृहातल्या स्तूपापुढे मस्तक टेकवणाऱ्या भिक्षूंच्याच वस्तीत कोणीतरी खडकाचा ढाळ नीट पाहून या पन्हाळी कोरल्या. पाण्याची वाट ठाऊक होती म्हणून त्यांची वंदना उणी पडली नाही.

आपल्या काळात मात्र अशा शोधाची किंमत मोजावी लागते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राच्या विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. धर्मावरचा घाला म्हणून ज्याला वर्षानुवर्षं विरोध झाला, त्या कायद्यात यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन आणि इजा वा नुकसान न करणाऱ्या उपासनेला हात लावलेला नाही. श्रद्धेला असा आधार मिळाला, हे योग्यच झालं. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे राज्यघटनेच्या ५१-अ कलमानं प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. ते बजावणाऱ्यालाही तितकाच आधार हवा. जुलै २०२४पासून २९५-अची जागा भारतीय न्याय संहितेच्या २९९ कलमानं घेतली आहे. ते कोणावर आणि कशासाठी लावलं जातं, याकडे श्रद्धावान आणि बुद्धिवादी दोघांनीही डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.