राखणीची लढाई

लढाऊ वैमानिक भेटला की लोक हमखास विचारतात, ‘किती विमानं पाडलीत?’ हवाई दलात नव्या मुलांना एस्कॉर्ट, म्हणजे बॉम्बर विमानांची राखण, शिकवताना मला आधी हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून काढावा लागे. गोफण घेऊन माळ्यावर बसलेला शेतकरी मेलेली पाखरं मोजत नाही, वाचलेली कणसं बघतो.

राखण नसली तर काय होतं, ते दुसऱ्या महायुद्धात १४ ऑक्टोबर १९४३ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टवर दिसलं. अमेरिकेची २९१ बी-१७ बॉम्बर विमानं निघाली. त्यांतली ६० गेली. एकेका विमानात दहा माणसं. सोबतच्या थंडरबोल्ट लढाऊ विमानांना इंधनाअभावी जर्मनीच्या वेशीवरूनच परतावं लागे आणि जर्मन वैमानिक नेमकी त्याचीच वाट बघत. डिसेंबरात लांब पल्ल्याचं मस्टँग हे लढाऊ विमान आलं. पंखांखाली इंधनाच्या फेकून देता येणाऱ्या टाक्या, शिवाय वैमानिकाच्या पाठीमागे आणखी एक. ही मागची टाकी भरलेली असताना विमान शेपटीकडे जड होई, जोरात वळवणं धोक्याचं ठरे. म्हणून तिच्यातलं इंधन आधी संपवायचं.

भरलेला बॉम्बर संथ चालतो. त्याच्या वेगानं उडणारा राखणदार स्वतःच सावज होतो, म्हणून तो वर राहून नागमोडी फिरतो. बी-१७चं नाक दुबळं हे ओळखून जर्मन समोरून येत. अशा वेळी शत्रूला पाडण्याआधी त्याचा नेम मोडायचा. आपण अंगावर जातोय हे त्याला दिसलं, तो टप्प्यात येण्याआधीच वळला, की निम्मं काम झालं. तो सूर मारून खाली पळतो तेव्हा खरी कसोटी. त्याच्यामागे गेलात तर एक विमान कदाचित खात्यावर जमा होईल. पण उंची गेली, वेळ गेला आणि वर बॉम्बर उघडे पडले.

११ जानेवारी १९४४ला जर्मनीतल्या ओशर्सलेबनवर मेजर जेम्स हॉवर्ड यांनी पळणाऱ्याच्या मागे न जाता बॉम्बर राखून दाखवले. चीनमध्ये जन्मलेले हे अमेरिकी वैमानिक आधी ‘फ्लाइंग टायगर्स’ या पथकात जपान्यांशी लढले होते. त्या दिवशी चकमकीत सोबती पांगले आणि बॉम्बरच्या ताफ्यापाशी हॉवर्ड एकटे उरले. समोर तीसहून अधिक जर्मन विमानं. सुमारे अर्धा तास ते एकामागून एकाच्या अंगावर जात राहिले आणि दर वेळी पुन्हा बॉम्बरकडे वर आले. चारपैकी तीन मशीनगन बंद पडल्या, इंधन संपत आलं, तरी झेपा थांबल्या नाहीत. एका मशीनगनवर हे कसं जमलं? झेप घेणाऱ्याच्या किती मशीनगन चालू आहेत, ते समोरच्याला कळत नाही; तो वळतोच. अधिकृत नोंद तीन विमानं पाडल्याची. युरोपच्या आघाडीवर मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळालेले ते एकमेव लढाऊ वैमानिक. त्या एकट्या मस्टँगची साक्ष दिली ती बॉम्बरमधल्या माणसांनी.

मग राखणदारानं बॉम्बरला चिकटूनच राहायचं का? नाही. १९४०मध्ये ब्रिटनवरच्या हल्ल्यांत जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगनं आपल्या लढाऊ विमानांना बॉम्बरच्या जवळ बांधून घातलं. उंची आणि वेग हीच त्यांची ताकद, ती वाया गेली. १९४४च्या जानेवारीत अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचे प्रमुख डूलिटल यांनी उलट हुकूम दिला : पुढे जा, जर्मन विमानं शोधा, जमिनीवरही गाठा. बॉम्बरच्या माणसांना ते रुचलं नाही. पण पुढच्या काही महिन्यांत जर्मनीचे मुरलेले वैमानिक संपत गेले आणि बॉम्बरचं आकाश मोकळं झालं.

हॉवर्ड यांचं ताफ्याशी राहणं आणि डूलिटल यांचा हुकूम, दोन्ही गोष्टी मला एकच वाटतात. राखणदारांची संख्या भरपूर असेल तर काहींनी शिकारीला जावं. एकटे असाल तर हॉवर्डसारखं दर झेपेनंतर वर यावं. किती लांब जायचं, ते बॉम्बरच्या गरजेवरून ठरवायचं. स्वतःच्या खात्यावरून ठरवणारा वैमानिक कितीही निष्णात असो, एस्कॉर्टला मी त्याला पाठवणार नाही.