पोमोदोरो : परक्या फळाची घरवापसी नव्हे, घरप्रवेश

१/ इटलीचे जेवण म्हटले की टोमॅटोचा लाल सॉस आठवतो. परंतु दांते किंवा लिओनार्दो यांनी टोमॅटो कधी पाहिलाही नव्हता.

२/ हे फळ मूळचे अमेरिकेचे. स्पॅनिश विजयांनंतर ते युरोपात आले. १५४४ मध्ये मात्तिओली या वैद्याने त्याची गणना वांग्याच्या जातीत केली. पुढे त्याला ‘पोमोदोरो’, म्हणजे ‘सोन्याचे सफरचंद’, हे नाव मिळाले.

३/ पास्ता त्याहून पुष्कळ जुना. सिसिलीतील त्राबिया येथे शेवयांसारखा पदार्थ तयार होऊन जहाजांनी दूरवर जातो, असे अल्-इद्रिसीने ११५४ मध्येच लिहिले होते.

४/ १६९० च्या दशकात, स्पॅनिश अमलाखालील नेपल्समध्ये, आंतोनियो लातीनीने टोमॅटोच्या सॉसची कृती छापली. तिचे नावच होते ‘स्पॅनिश पद्धतीचा सॉस’. पास्त्याशी त्याची गाठ पडेपर्यंत अठरावे शतक सरत आले.

५/ म्हणून ही परंपरा खोटी ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रांधण्याने ती इटलीची झाली. मराठी घरातील मिरचीही अशीच सातासमुद्रापलीकडची, आणि ‘बटाटा’ हा शब्द तर पोर्तुगीजच. अन्नाच्या शुद्धतेवरून कुणी माणसांत भेद करू लागला, तर त्याच्याच ताटातील मिरचीचे जन्मगाव विचारावे.