तिथीची पाऊणपट

एकट्या माणसाने मुद्दाम जाऊन राहावं, असं काही हर्णै नाही. ज्यांना एकांत हवा असतो ते शेजारच्या मुरूडला जातात, नाहीतर खाडीपलीकडे आंजर्ल्याला. तिथे सुपारीच्या बागा आहेत, गार सावल्या आहेत, दुपारी अख्खं गाव डोळे मिटून पडलेलं असतं. हर्णै हे बंदर आहे. इथे डिझेलचा वास, बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर आणि वाळूवर सुकत घातलेला जवळा. त्याचा वास पहिला आठवडाभर नाकातून जात नाही आणि पुढे येतच नाही. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेऊन, दिवाळी आटोपल्यावर मी इथे एक खोली घेतली. ‘किती दिवस?’ या प्रश्नाला ‘बघू’ म्हणाले, ते घरमालकीणबाईंना मुळीच रुचलं नाही.

‘आणि बरोबर कोण?’

‘कोणी नाही.’

‘मागून येणार?’

‘नाही हो.’

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि किल्ली हातात ठेवली. त्या नजरेत संशय नव्हता, काळजी होती. पुढे कळलं की या गावात एकटं असणं हा स्वभाव मानत नाहीत, अडचण मानतात. तेही बरोबरच आहे म्हणा. इथलं कुठलंही काम एकट्याने होत नाही. होडीवर तांडेल असतो, त्याच्या हाताखाली खलाशी. जाळं फाटलं तर ते उलगडून धरायलाच दोघं लागतात, विणणारा तिसरा. पाजपंढरीच्या वस्तीत मासळी निवडायला बायका बसतात त्या घोळक्याने, आणि भांडतात त्याही घोळक्याने. पुस्तक घेऊन एकटी बसलेली बाई दिसली की येणारा-जाणारा विचारतोच, ‘बरं नाही काय?’

संध्याकाळचा लिलाव हा इथला मोठा सोहळा. पर्यटक तो मोबाइलवर टिपतात आणि नाकाला रुमाल लावून अर्ध्या तासात निघून जातात. मी रोजच जात असल्यामुळे लिलावापेक्षा बैलच जास्त पाहिले. किनारा उथळ, त्यामुळे मोठ्या होड्या आत खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहतात. मग छोट्या होड्या आणि चक्क बैलगाड्या मासळी आणायला समुद्रात उतरतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभा. लाट आली की तो डोळे मिटून घेतो, मान किंचित वर उचलतो, लाट अंगावरून गेली की नाकातून एक जोरदार फुर्रर्र, आणि पुन्हा उभा. तेवढ्यात गाडीत टोपल्या चढतात. शेतातला हा प्राणी खाऱ्या पाण्यात इतका निर्विकार कसा राहतो, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. वाळूवर ढीग पडतात: सुरमई, पापलेट, कोळंबी, माकूल, एखादं थाळीएवढं पाकट. बोली अशी झपाट्याने चढते की नवख्याला कोण कोणाशी बोलतंय हेही कळत नाही. सौदा तुटला की एखादी बाई ढिगाशी पाय रोवून उभी राहते, म्हणजे तो तिचा झाला. उरतो फक्त हिशेब, आणि तो तोंडी.

मासळीतला चांगला माल बर्फात घालून मुंबईच्या वाटेला लागतो. बंदरात राहून मी रोज पापलेट खात असेन, असं पुण्याच्या माझ्या बहिणीला वाटायचं. आमच्या ताटात असायची मांदेली, नाहीतर ढोमी, फार तर बांगडा. तांदळाची भाकरी आणि आमसूल टाकलेलं तिखटजाळ कालवण. पापलेट पाहुण्यांना, आणि दोन महिन्यांनंतर मी पाहुणी राहिले नव्हते. हा मान मला जरा महागच पडला.

आता भरतीबद्दल. पहिले काही दिवस मी घड्याळ लावून फिरायला जायची. रोज सहा वाजता. एके दिवशी सहाला लांबच लांब ओली वाळू मिळायची, तर आठवड्याने त्याच सहाला पाणी बांधाला टेकलेलं. माझी ही तऱ्हा पाहून मालकीणबाईंनी भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’वर बोट ठेवलं. ‘तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. ती भरतीची वेळ.’ अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पुनवेला आणि अवसेला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, त्यामुळे त्या दिवशी संध्याकाळी चालायला पाहिजे तेवढी वाळू. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशीर करतो आणि समुद्र त्याच्यामागून जातो, हे शाळेत शिकले होते. पण ते असं पाऊणकीत बसवून कोणी हातात दिलं नव्हतं. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली सुरू केलेलं ते कॅलेंडर मी पन्नास वर्षं संकष्टी आणि दुधाचा हिशेब यासाठीच वापरत आले. साळगांवकर मालवणचे होते, हे तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं!

त्यानंतर माझा दिवस पुढे सरकू लागला. कधी फिरणं पहाटे, कधी भर दुपारी टोपी घालून. जेवायची वेळ त्याप्रमाणे. बत्तीस वर्षं दहा ते पाच केलेल्या बाईला वाराचा विसर पडला आणि तिथी पाठ झाली.

पाणी ओसरलं की समोरचा सुवर्णदुर्ग उंच दिसतो. त्याच्या महादरवाज्याशी पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि भिंतीत मारुती. अलीकडे, २०२५ साली, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत हा एक. किनाऱ्यावर त्याचे तीन सोबती, गोवा किल्ला, कनकदुर्ग आणि फत्तेगड. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे आणि फत्तेगडावर कोळ्यांची घरं. किल्ल्याच्या बुरुजावर जाळी वाळत घातलेली पाहून इतिहासप्रेमींना वाईट वाटतं. मला वाटत नाही. बुरूज कामाला आला की झालं. १७५५ साली तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला तो पेशव्यांशी हातमिळवणी केलेल्या इंग्रजांच्या विल्यम जेम्स या दर्यावर्द्याने. तो वारल्यावर त्याच्या बायकोने लंडनजवळ एका टेकडीवर त्याच्या आठवणीसाठी एक त्रिकोणी मनोरा बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, इंग्रजी तोंडात वितळलेला. १७८४ सालचा तो मनोरा अजून उभा आहे. मालकीणबाईंना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘एकटीने बांधला?’

त्यांच्या घराचं अर्धं छप्पर कौलांचं आहे आणि अर्धं निळ्या पत्र्याचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्याची ती खूण. ‘कौलं पुन्हा घालू’ म्हणता म्हणता राहून गेलं. पावसात पत्रा बडबडतो म्हणे. मी तो पाऊस पाहिलेला नाही. १ जूनपासून दोन महिने मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून झाकलेल्या, नारळी पौर्णिमेकडे डोळे लागलेले. ते हर्णै वेगळंच असणार.

रात्री मात्र जड जायच्या, हे सांगितलंच पाहिजे. जेवणं लवकर, गल्ली लवकर निजते, आणि समुद्राची गाज ही ऐकायला घेतली तर दहा मिनिटं छान वाटते. पुढे ती नुसती चालू राहते. अशा वेळी मी ओट्यावर जाऊन बसायची. शेजारचा म्हातारा जाळ्याची सुई चालवत असायचा. तो बोलायचा नाही, मीही नाही. मध्येच जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवायचा. ते ताणून धरायचं.

शिमग्याला गाव एकदम फुटून वाहू लागलं. होड्या परतल्या, मुंबईकर उतरले, माझी खोली मालकीणबाईंच्या थोरल्या लेकाला दिली गेली आणि माझी वळकटी पडवीत आली. न विचारता. घरात चौदा माणसं, न्हाणीघर एक. पंचमीच्या सकाळी त्यांच्या नातवंडांनी किल्ल्यावर जायचा हट्ट धरला, तेव्हा मी खोबरं खवता खवता ऐटीत सांगून टाकलं, ‘आज पंचमी, पावणेचारला भरती. दुपारी निघा, चढत्या पाण्यात जाल.’

आतून, चुलीपाशून, आवाज आला, ‘आणि वारा? फाल्गुनात दुपारचा कसला वारा उठतो तो कोण बघणार? पोरांनो, आत्ताच जा. आणि ताई, तुम्हीही जा बरोबर, धाकटीला कडेला बसू देऊ नका.’