पासवर्डची चौकट

तिला एकच प्रश्न येतो. सकाळी लॅपटॉपचं झाकण उघडावं, पंख्याची घरघर सुरू व्हावी, पडदा उजळावा आणि कालच्या अर्धवट परिच्छेदाकडे नजर जाण्याआधी ती समोर उभी. वर घड्याळ, खाली तुमचं नाव, नावाखाली रिकामी पट्टी, पट्टीत लुकलुकणारी उभी रेघ. पासवर्ड? रात्री तुम्ही कोणत्या शब्दापाशी थांबलात, कोणतं पत्र अर्धं लिहून ठेवलंत, हे सगळं तिच्या पाठीमागे जसंच्या तसं आहे. तिला त्यातलं काही ठाऊक नाही. तिच्या लेखी तुम्ही रोज पहिल्यांदाच आलेले.

आवाज चढवणं तिच्या स्वभावात नाही. शब्द चुकला तर पट्टी कोरी करते आणि पुन्हा विचारते. फारच चुका झाल्या तर थोडा वेळ थांबायला लावते. शब्द बरोबर निघाला की लगेच बाजूला होते, काही खोदून विचारत नाही. ओळखीचा माणूस म्हणून सवलत नाही आणि अनोळखी म्हणून अपमान नाही. मला तिच्याबद्दल आदर आहे. म्हणूनच तिला कुठे उभं करावं आणि कुठून रजा द्यावी, हे प्रत्येकाने विचार करून ठरवावं असं मला मनापासून वाटतं. आपण बहुतेक जण ते ठरवतच नाही. यंत्र विकत घेताना ती जिथे उभी असते तिथेच वर्षानुवर्षं उभी राहते.

ती येते कधी, हे आधी पाहिलं पाहिजे. लॅपटॉप हायबरनेटला टाकला की मेमरीत त्या घडीला जे जे उघडं असतं ते सगळं डिस्कवर उतरवलं जातं. विंडोजमध्ये त्यासाठी सी ड्राइव्हवर एक लपवलेली भलीमोठी फाइल असते. लिनक्सवर बहुधा स्वॅपची जागा वापरतात. मग वीज पूर्ण बंद. स्लीपमध्ये मेमरीला थोडी वीज मिळत राहते, इथे तीही नाही. बॅटरी काढून ठेवली तरी काही हरवत नाही. उठताना ती साठवण वाचून मेमरी पुन्हा भरली जाते आणि काम थांबलं होतं तिथूनच पुढे चालू होतं. म्हणजे तुम्ही बाहेर पडलेलेच नसता. लॉगिन म्हणतो खरं आपण, पण हे लॉगिन नव्हेच. चालू असलेल्या कामावर कुणीतरी आडोसा धरलेला असतो.

आणि तो आडोसा उठल्यावर धरला जातो, असं वाटत असेल तर लिनक्सचे नेहमीचे डेस्कटॉप जवळून पाहावेत. झोपायची सूचना आली की पडदा कुलूपबंद करणारा प्रोग्राम यंत्रणेला जरा थांबायला सांगतो. यंत्रणा त्याला मुदत देते, मूळ मांडणीत ५ सेकंदांची. तेवढ्या वेळात तो चौकट पडद्यावर मांडतो आणि झालं म्हणून कळवतो. त्यानंतर मेमरी डिस्कवर उतरते आणि त्या मेमरीत चौकटही असते. ती उभ्या उभ्याच झोपी गेलेली असते आणि सकाळी तशीच, त्याच जागी जागी होते. कधी धिम्या यंत्रावर तिला मुदतीत जागेवर पोचणं जमत नाही. मग उठताना क्षणभर कालचा डेस्कटॉप उघडा दिसतो, हिशेबाचा तक्ता, एखादी ईमेल, कुणाचा तरी फोटो, आणि पाठोपाठ ती लगबगीने पुढे येते. हा क्षण ज्याने पाहिला आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही की तिला सकाळी यायचं नसेल तर ते रात्री, झोपण्याआधीच सांगावं लागतं. एक्सएफसीईच्या पॉवर मॅनेजरमध्ये तर खुणेपुढची ओळच तशी आहे: यंत्र झोपायला निघालं की पडदा कुलूपबंद करा.

तिचं घराणं जुनं आहे. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस नावाची यंत्रणा चालवून दाखवली. संगणक एकच, अवाढव्य. वापरणारे अनेक, आपापल्या टर्मिनलवर बसलेले. प्रत्येकाच्या फाइली त्याच्यापुरत्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने त्याला वाट शोधली. त्याला आठवड्याला ४ तास मिळत आणि ते पुरत नसत. त्याने पंच कार्ड देऊन सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावरचा वेळ वापरला. तेव्हा ही बाई जन्मली ती सामाईक यंत्रावर, अनेकांच्या गर्दीत. पुढे संगणक एकेका माणसाच्या टेबलावर आला तरी तिचा प्रश्न तोच राहिला.

मराठीत लिहिणाऱ्यांची तिच्याशी आणखी एक गाठ पडते. रात्री इन्स्क्रिप्टवर लिहिता लिहिता यंत्र झोपलं आणि सकाळी कळफलक मराठीतच राहिला, तर बोटं सवयीच्या कळा दाबतात आणि पट्टीत गोल ठिपके उमटतात. ठिपक्यांना लिपी नसते. आत देवनागरी अक्षरं गेली आहेत हे दिसायला मार्गच नाही. शब्द बरोबर, कळा बरोबर, तरी ती नाही म्हणते, आणि माणूस स्वतःच्या स्मरणशक्तीवर शंका घ्यायला लागतो. कॅप्स लॉक चालू असेल तर ती बोलते. लिपीबद्दल मात्र कोपऱ्यात दोन-तीन अक्षरांची बारीक खूण ठेवून गप्प राहते. त्या खुणेवर नजर टाकावी. विंडोजची कळ दाबून ठेवून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो.

सांगलीला माझी मावशी एकटी राहते. संधिवाताने तिची बोटं वाकली आहेत. तिच्या लॅपटॉपची बॅटरी जुनी. वीज गेली की बॅटरी लवकरच तळ गाठते आणि विंडोज आपणहून हायबरनेटला जातं. ही सोय चांगली आहे, कारण तिने उघडून ठेवलेलं कीर्तन किंवा अर्धवट टाइप केलेली पाककृती वाया जात नाही. पण वीज आली की पुन्हा चौकट. "अरे, हे परत विचारतंय बघ," असा तिचा फोन येई. शब्द तिला तोंडपाठ होता. एका कळेच्या जागी दोन दाबल्या जात आणि ठिपक्यांतून चूक सापडत नसे. दाराला आतून कडी, घरात दुसरं कुणी नाही, बँकेची कामं ती या यंत्रावर करत नाही. तिथे चौकटीने कुणाला अडवायचं? मावशीलाच. तिथून मी चौकटीला रजा दिली.

काम सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, त्यात साइन-इन ऑप्शन्स. तुम्ही दूर गेला असाल तर पुन्हा केव्हा विचारू, असं तिथे विंडोज विचारतं, 'नेव्हर' निवडायचं. उबुंटूत प्रायव्हसीच्या पानावर स्क्रीन लॉकमध्ये झोपेच्या वेळी पडदा कुलूपबंद करण्याचं बटण आहे, ते बंद करायचं. केडीईत स्क्रीन लॉकिंगच्या पानावर झोपेतून उठल्यानंतरची खूण काढायची. एवढं करूनही ती दिसली तर ती दुसऱ्या वाटेने आलेली असते. स्क्रीनसेव्हरनंतर विचारायचं की नाही, याची खूण वेगळी आहे. आणि रीस्टार्टनंतरचं लॉगिन तर अगदीच निराळं; हायबरनेटची साठवण वाचता आली नाही आणि यंत्र नव्याने सुरू झालं, तर तेच येतं. मावशीच्या यंत्रावर ते मी तसंच राहू दिलं आहे. कार्यालयाने दिलेल्या लॅपटॉपवर हा पर्याय कधी फिकट दिसतो, हात लावता येत नाही. ते यंत्र आपलं नसतं, तिथे खटपट करू नये.

पण रजा देण्याआधी ती नेमकं काय राखते ते माहीत हवं, आणि इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. डिस्कवर एन्क्रिप्शन नसेल तर ती फार थोडं राखते. चार स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की फाइली वाचता येतात. त्या वाटेवर ती नसतेच. हायबरनेटची साठवणही त्याच डिस्कवर, तिच्यात काल उघडं असलेलं सगळं. वाड्याला दिंडीदरवाजा असतो आणि माजघराच्या दाराला पडदा. ही चौकट म्हणजे पडदा. दिंडीदरवाजा म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन. लिनक्सवर डिस्क आणि स्वॅप दोन्ही लक्सने बंद केलेले असतील तर हायबरनेटमधून उठताना आधी तिथला परवलीचा शब्द द्यावा लागतो, मेमरी परत भरायला लागण्याच्याही आधी. तो दिला की पाठोपाठ ही पुन्हा विचारते. अशा घरात हिला खुशाल रजा द्यावी.

मात्र बहुतेक ठिकाणी स्लीप आणि हायबरनेट या दोन्हींसाठी खूण एकच असते. स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीतच राहते, दिंडी उघडीच असते, आणि आत येणाऱ्यासमोर ही एकटी उभी. झाकण मिटल्यावर आपलं यंत्र स्लीपला जातं की हायबरनेटला, हे तपासल्याशिवाय खुणेला हात लावू नये. विंडोजच्या बिटलॉकरचंही तसंच. पुष्कळ लॅपटॉपवर तो टीपीएम चिपच्या भरवशावर, वेगळा पिन न मागता, आपोआप उघडतो. तिथे हिच्याआधी कुणी विचारतच नाही. तो लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीतून लोकलने, एसटीने फिरत असेल तर हिला काढणं म्हणजे सापडेल त्याच्या हाती सगळं देणं.

तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. लिनक्सच्या जुन्या एक्स पद्धतीत ती इतर प्रोग्रामांसारखीच एक प्रोग्राम. कळफलक आणि माउस ताब्यात घेऊन उभी राहिलेली. ती कोसळली की मागचं सगळं उघडं. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटच्या एका वापरकर्त्याच्या लहान मुलांनी पडद्यावरचा आणि खरा कळफलक एकदमच धडाधड बडवला, आणि ती पडली. दोष खरा होता, तो दुरुस्तही झाला. वेलँडच्या नव्या व्यवस्थेत चौकट कोसळली तरी पडदा बंदच ठेवता येतो. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

कारण काही जणींना माजघराचा पडदा हाच एक आधार असतो. वसतिगृहात तिघींच्या खोलीत राहणारी मुलगी, एकत्र कुटुंबात स्वतःचं कपाट नसलेली सून. त्यांच्या लॅपटॉपची डिस्क उघडायला स्क्रू घेऊन कुणी येणार नाही. झाकण उचलून सहज डोकावणारे मात्र घरातच असतात. तिथे ही चौकट सर्वांत उपयोगी ठरते. आणि जिथे तिला रजा दिली आहे तिथेही ती हाकेच्या अंतरावर असते. यंत्र हायबरनेटला टाकण्यापूर्वी विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबले की ती लगेच येऊन उभी राहते, आणि मग सेटिंगमध्ये 'नेव्हर' असलं तरी उठल्यावर विचारतेच. मावशीकडे भाचरं सुट्टीला येतात तेव्हा तीही हेच करते.